शिवलेली बाही

नारायणगावच्या स्टँडवरून येडगावला निघालेल्या जीपमध्ये कुंडलिक मागच्या बाकड्याच्या टोकाला, अर्धा आत आणि अर्धा देवाच्या हवाली असा बसला होता. डाव्या हातात पिशवी, पिशवीत नातीसाठी घेतलेली प्लास्टिकची भिंगरी, आणि उजवा हात मांडीवर, शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं बसतात तसा गुमान. रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, अख्खी जीप पुढं जाऊन मागं आली, आणि कुंडलिकचा उजवा हात मालकाला न विचारता वर गेला नि डोक्यावरचा दांडा धरून बसला. त्याच क्षणी खांद्यात काहीतरी सरकलं. फार दुखलं असंही नाही. दाराची कडी कुणीतरी आतून हळूच काढावी, बाहेर डोकवावं, आणि 'नको बाबा, आज नको' म्हणत परत लावून घ्यावी, तसं. हात जागेवरच होता. पण कपाळावर घाम आला, तोंडाला पैसा चाटल्यासारखी चव आली, आणि ही चव कुंडलिकच्या चांगली ओळखीची होती.

"काय झालं पावणं?" शेजारचा माणूस म्हणाला.

"काय न्हाय," कुंडलिक म्हणाला.

इथंच त्याला स्वतःचाच संशय आला. काय नाही? एरवी एवढ्या भांडवलावर त्यानं स्टँडपासून धरणापर्यंत जीप डोक्यावर घेतली असती. 'मेलो, मेलो, ड्रायव्हर, तुझ्या बापाचा दोस्त मेला,' म्हणून डोळे पांढरे केले असते, बायांना पाणी शोधायला लावलं असतं, आणि कुणी बाटली पुढं केली की गटागटा पिऊन म्हणाला असता, बर्फ नाय का राव. पन्नाशी उलटली, मिशीत पांढरं आलं, तरी तालुक्यात त्याची ओळख हीच. आज मात्र तो हात दांड्यावरून इंच इंच खाली घेत होता, झोपलेलं पोर खांद्यावरून अंथरुणावर ठेवावं तितक्या जपून, आणि कुणी बघत नाही ना हे बघत होता. पोराचाच विचार मनात का आला, हेही त्याला ठाऊक होतं. घरी लेक आली असेल, अश्विनी. आल्या आल्या ती पहिला प्रश्न कुठला विचारणार, हे तर वलीच्या दुकानावर तिचा फोन आला तेव्हापासूनच पाठ होतं.

वलीचं दुकान म्हणजे मार्केटच्या भिंतीला टेकून उभं केलेलं पत्र्याचं छप्पर. टोमॅटोची लाकडी खोकी ठोकायचा वलीचा धंदा, बापापासूनचा. तोंडात चार खिळे धरून बोलायची त्याची पद्धत, आणि खिळे असले की त्याच्या शिव्यासुद्धा मऊ लागायच्या. आता प्लास्टिकची क्रेट आली नि खोकी कमी झाली, तरी तो फळ्या सोडत नव्हता. शहाण्णव साली याच छपरासमोर कुंडलिकचा खांदा पहिल्यांदा निघाला. त्याची हकिगत वली अजून सांगतो आणि दरवेळी वेगळी सांगतो. खरं इतकंच की त्या दिवशी भाव पडलेला, मार्केटात सडक्या टोमॅटोचा ढीग लागलेला, सगळ्यांची तोंडं उतरलेली, आणि उतरलेली तोंडं कुंडलिकला बघवत नाहीत. त्यानं ढिगातला एक लिबलिबीत नग निवडला, लांब उभं राहून वलीच्या टोपीवर नेम धरला, हात मागं नेला, अगदी मागं, टीव्हीवर बॉलर नेतात तसा, आणि फेकला. टोपी उडाली. मार्केट हसलं. कुंडलिकही हसायला लागला, नि हसता हसता त्याला दिसलं की आपला हात आपल्या बाजूला असा लटकतोय जसा दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिलाय. तो मट्कन खाली बसला. ओरडला. तसं मार्केट आणखीनच हसलं. "उठ ये भाड्या," वली तोंडातले खिळे न काढता म्हणाला, "लई झालं." नंतर त्यानं जवळ येऊन तोंड बघितलं मात्र, आणि खिळे थुंकून टाकले. मोटरसायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेलं ते वलीनंच, एका हातानं गाडी चालवत, दुसरा हात मागं नेऊन कुंडलिकला धरत, टोपीवरचा टोमॅटोचा रस कानावरून गळत. वाटभर तो एकच म्हणत होता, "झोपू नको हां कुंड्या." खांदा निघालेला माणूस झोपत नसतो, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

डॉक्टर तरणा होता, बाहेरून शिकून आलेला, आणि समजावून सांगायची हौस असलेला. खांदा बसवून झाल्यावर त्यानं कागदावर एक वाटी काढली, वाटीत गोळा काढला, आणि म्हणाला, वाटीची कड आता फाटली आहे काका. एकदा गोळा बाहेर पडला की त्याला वाट कळते. परत निघणार की नाही ते बरंचसं तुमच्यावर आहे. हात झोळीतून लवकर काढला, तर निघतो. व्यायाम टाळला, तर निघतो. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजून पहिल्यासारखं वागायला लागलात, तर हमखास. हात वर आणि मागं, हे दोन्ही एकदम न्यायचं नाही. तरण्या पोरांचा जास्त वेळा निघतो, तुमचं वय त्या मानानं बरं.

"आन हसणाऱ्यांचा?" कुंडलिकनं विचारलं.

"हसण्यानं काही होत नाही," डॉक्टर म्हणाला, आणि तोही हसला.

ह्यातलं शेवटचं तेवढं कुंडलिकनं लक्षात ठेवलं. आता जीपच्या टोकाला बसून तो बाकीचं आठवत होता, नि त्याला वाटत होतं की डॉक्टरनं सांगितलेलं एकेक, मुद्दाम केल्यासारखं, आपण करून दाखवलं. व्यायामाला डॉक्टरनं सायकलची जुनी ट्यूब दिली होती. दाराच्या कडीला बांधायची, कोपर अंगाला चिकटवून ओढायची नि सोडायची, रोज. कुंडलिकनं ती बाभळीच्या बेचक्याला बांधून एवढी मोठी गलोल केली आणि ओसरीवर बसून, डाव्या हातानं का होईना, शेजाऱ्याच्या पत्र्यावर ढेकळं मारली. शेजारी माकडं समजून काठी घेऊन बाहेर यायचा. त्या गलोलीनं आळीला करमणूक झाली, खांद्याला काही झालं नाही.

झोपेत हात वर जायचा ही वेगळीच पीडा. लहानपणापासून कुंडलिक दोन्ही हात डोक्यावर टाकून झोपायचा, लुटलेल्या माणसासारखा. तेव्हा साळुबाईनं, त्याच्या बायकोनं, एक इलाज काढला. रोज झोपायच्या आधी गोधडीच्या सुईत जाड दोरा ओवायची, त्याच्या सदऱ्याची उजवी बाही मनगटापाशी धरायची, आणि सदऱ्याच्याच पोटावर शिवून टाकायची. चार टाके, वर गाठ. शिवताना तिचं डोकं त्याच्या छातीशी यायचं. केसांना खोबरेल आणि चुलीचा वास यायचा. "आगं, मढं शिवतीस का काय," तो म्हणायचा. "हलू नका, टोचंल," ती म्हणायची. पहाटे उठून ती दातानं दोरा तोडायची आणि बाही मोकळी करायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण रोज कुणी आपल्याला इतकं जवळून बघतं, हे कुंडलिकला तेव्हा नवं होतं. त्याला ते आवडायचं, आणि आवडतं म्हणून अवघडल्यासारखं व्हायचं, आणि अवघडलं की तो चेष्टा करायचा. 'पोटाला शिवलंस, भूक कशी लागायची?' असलं काहीतरी.

मग गावची जत्रा आली. घाटात बैलगाड्यांच्या शर्यती, वर लाउडस्पीकर, गुलालानं झाडंसुद्धा लाल. साळुबाई पहाटेच नैवेद्याच्या घाईत होती, टाके सोडायचे राहून गेले. कुंडलिकनं विळीवर दोरा कापला, झोळी खुंटीला अडकवली आणि घाट गाठला. आपल्या आळीचा गाडा सुटला, असा सुटला की धुरळ्यात नुसती शिंगं दिसली, पोरं नाचायला लागली, आणि कुंडलिकनं गळ्यातलं उपरणं काढून आभाळात फेकलं. उपरणं वर गेलं. खांदा खाली राहिला. त्यानं ओरडून सांगितलं, तर भोवतालचे त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते, सगळे आनंदानं. कुणीतरी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. त्या खांद्यावर बसून, एक हात लोंबकळत, तो गुलालात रडत होता आणि खालचे म्हणत होते, बघा, कुंडूनानाला किती भरून आलंय.

त्याच्या पुढची वर्षं तर विचारूच नका. दुसऱ्यांदा निघून बसल्यावर त्याला खांद्याचं भय वाटायला लागलं, आणि भय वाटलं की कुंडलिक त्याचं सोंग करतो. टोमॅटोची खोकी उचलायची वेळ आली की 'निघला, निघला'. पाणी शेंदायचं म्हटलं की 'निघला'. एकदा पावण्यांनी जेवायचा फार आग्रह केला, तर ताटावरच हात लुळा टाकून आडवा झाला आणि त्या घरची म्हातारी घाबरून देवाला नारळ बोलली. आळीतली पोरं त्याची नक्कल करायची. नंतर एकदा फळीवरचा डबा काढताना खांदा खरंच निघाला, तेव्हा साळुबाई भाकरी थापत होती. तो चौकटीला टेकून खाली बसला. ओरडावं असं त्याला वाटलंच नाही. ओरडण्याचं नाणं आपण खोटं पाडलंय, हे त्याला त्या क्षणी उमगलं. साळुबाई पाठमोरीच म्हणाली, "उठा, नाटक पुरं." मग तिचे हात थांबले. भाकरी परातीत तशीच. ती वळली. तो तिच्याकडं नुसता बघत होता. तिनं हात न धुताच येऊन त्याचा हात पोटाशी धरला, आणि पिठाची पाच बोटं त्याच्या काळ्या सदऱ्यावर कितीतरी दिवस राहिली. सदरा धुतल्यावरही त्याला ती दिसायची.

जीप धरणाच्या कडेनं वळली. पाण्यावरून गार वारा आला, खांदा ठणकायला लागला. आता अश्विनी. त्याची एकुलती एक. तिला आण्याच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती. आणे म्हणजे पठार, वर वारा आणि खाली दगड, राहायला मिळालेली खोली एक, पाणी टँकरनं. नवरा आदेश भोसरीला कंपनीत, पाळीपाळीनं. सासू तिच्या लग्नाआधीच वारलेली. दीड वर्षाची श्रेया कुणाजवळ ठेवायची हा प्रश्न होता, आणि फोनवर ती म्हणाली होती, "आण्णा, मी येऊन बघते. मग ठरवते." साळुबाई द्राक्षाच्या बागेत कामाला जायची, ती सकाळी गेली की दुपार कलल्यावरच यायची. म्हणजे बघायची होती ती आण्णालाच. आणि घराच्या मागं, दहा पावलांवर, कालवा. पाणी सुटलं की काठोकाठ, गढूळ, आवाज न करता पळणारं.

कुंडलिकला ती पोर हवी होती. अशी, की भिंगरी घेताना दुकानदाराशी घासाघीस करायचंही त्याला सुचलं नाही. दिवाळीत आली होती तेव्हा त्यानं तिला टाळी शिकवली होती. तो काहीतरी वेडंवाकडं बोलायचा, हात वर न्यायचा, 'दे टाळी!' म्हणायचा, आणि ती सगळं अंग उचलून त्याच्या पंज्यावर तिचा पंजा मारायची. आयुष्यभर त्याच्या प्रत्येक विनोदाला ही टाळी लागलेली. समोरच्यानं टाळी दिली नाही तर विनोद पोचला नाही, असं त्याचं शास्त्र. पोर गेल्यावर घरात बोलायचं कुणाशी? साळुबाई टाळी देत नाही, नुसती मान हलवते. मार्केटात हसणारे पुष्कळ, पण नवीन माणूस, ज्यानं आपलं एकही सोंग पाहिलेलं नाही, असा एवढाच. आणि ही एवढीशी पोर कालव्याकडं धावली, आपण मागून धावलो, हात लांबवून तिचा फ्रॉक धरला, आणि नेमका तेव्हा... त्यानं जीपमध्येच डोळे मिटले. कडी आजच उघडली होती. कुणाला न सांगता, आतल्या आत. उद्या उघडली तर? सांगितलं तर अश्विनी पोर घेऊन दुपारच्या गाडीनं जाणार. न सांगितलं तर कुणाला कळायचंही नाही. हात वर दिसत होता तसाच होता.

घरात शिरताना त्यानं आवाज चढवला. "कुठंय ती सरकारी बाई? कुठंय तिची चपराशीण?"

श्रेया उंबऱ्यावरून हेलपाटत आली आणि पंजा वर करून उभी राहिली. उजवा हात उचलायला निघाला. कुंडलिकनं तो धोतराच्या सोग्यात खुपसला आणि डावा पुढं केला, कमरेइतकाच. पोरीनं त्या हाताकडं बघितलं. हा कुठला, असं तिच्या तोंडावर होतं. मग तिनं टाळी मारली, अर्धी. चुलीपाशी बसलेल्या साळुबाईची मान वळली आणि परत तव्याकडं गेली. अश्विनीची बॅग दारातच होती, वर पोरीच्या कपड्यांचं गाठोडं. चपलाही तोंड बाहेर करून ठेवलेल्या.

"आण्णा, खांदा कसा हाय?" अश्विनीनं विचारलं. पहिला प्रश्न हाच. त्यानं मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

"लोखांड! यष्टीला बांध, वडून दावतो."

"खरं सांगा."

"आगं, तुझ्या लग्नापास्नं एकदाबी निघला न्हाई. इचार तुझ्या आयेला."

हे खरंच होतं. आज निघाला नव्हता, नुसता डोकावला होता. कुंडलिकनं भिंगरी काढली, फुंकर घातली, श्रेया हसली. ती भिंगरी घेऊन फिरत फिरत मागल्या दाराकडं गेली. दार उघडं होतं. बाहेर लिंबाची सावली, पलीकडं पाण्याची चकाकी. पोरीनं चकाकी बघितली, भिंगरी तिच्या दिशेनं धरली आणि उंबऱ्यावर एक पाय टाकला. अश्विनी उठून तिला सहज काखेत घेऊन आली, काही विशेष झालं नाही. पण कुंडलिक उठायला गेला होता, आणि उठताना पहिला पुढं गेला तो उजवा हात, आणि त्यानं तो तसाच हवेत थांबवला होता. भिऊन. पोरीसाठी लांबवलेला हात त्यानं खांद्यासाठी थांबवला. बाकी कुणाला हे दिसलं नाही. तो परत खाली बसला.

"अश्वे," तो म्हणाला. "आज जीपमदी हलला."

"काय?"

"खांदा. निघला न्हाई. पर हलला. मी दांडा धरला व्हता."

अश्विनी हसायलाच लागली. "आण्णा, पुरं की आता! मला हितंच ठिऊन घ्यायची आयडिया व्हय? नोकरी सोडू का?"

कुंडलिकनं खाली बघितलं. जमिनीच्या सारवणात साळुबाईच्या बोटांच्या ओळी होत्या, त्या बघत बसला.

"थांब अश्वे," साळुबाई म्हणाली. तिनं भाकरी तव्यावरून उतरवली. "खरं बोलत्यात."

"तुला कसं कळलं?"

"गप बसल्यात न्हवं? सोंग आसतं तर आळी गोळा झाली आसती. आन टाळी डाव्यानं दिली."

बाहेर कालव्याला पाणी होतं, पण ते पाणी कधी आवाज करतं का. अश्विनीनं पोर आईजवळ दिली आणि मागल्या दारानं बाहेर गेली. कुंडलिकला तिची पाठ दिसत होती. लिंबापर्यंत गेली, कालव्यापाशी उभी राहिली, परत आली, परत गेली. लहानपणी काही फुटलं की ती अशीच बाहेर जाऊन उभी राहायची, आणि आपण तिला हसवायला मागून जायचो. आज तो गेला नाही. गेली पोर, असं त्यानं मनाशी धरलं. दुपारची गाडी. भिंगरी तेवढी पोरीजवळ राहू द्यावी.

ती आत आली. "वलीचाचा फाटक ठोकून देतील मागल्या दाराला?"

"मी आजच सांगितलंय त्याला. खोक्याच्या फळ्यांचं, कमरेएवढं." त्याचा आवाज त्यालाच नीट ऐकू आला नाही. "म्हणला, आन्तो आजच."

"आन डाव्या हातानं उचलता येतीया का ती?"

"येतीया."

"बघू."

त्यानं उचललं. श्रेया त्याच्या डाव्या कडेवर बसली आणि मिशीतला पांढरा केस ओढायला लागली. ती वाटली त्यापेक्षा जड होती आणि ऊन ऊन होती. उजवा हात मदतीला निघाला. त्यानं साळुबाईकडं बघितलं.

"साळू," तो म्हणाला, "सुई कुठंय गं गोधडीची?"

साळुबाई त्याच्याकडं बघतच राहिली. आजवर तिनं शिवलं होतं आणि त्यानं कुरकुर केली होती. मागितलं कधी नव्हतं. ती उठली, कोनाड्यातून सुई घेतली, दोरा ओठात ओला करून ओवला. कुंडलिक खाली बसला, पोर डाव्या मांडीवर, आणि उजवी बाही त्यानं स्वतः पोटाशी धरली. भर दिवसा, उघड्या दारात, लेकीच्या समोर. साळुबाईचं डोकं छातीशी आलं. खोबरेल, चूल, आणि आता केसांत पांढरं. श्रेया दोऱ्याकडं टक लावून बघत होती. अश्विनीनं दारातलं गाठोडं उचललं, आत इकडंतिकडं बघितलं, आणि वरची खुंटी सोडून खालच्या खुंटीला अडकवलं, डाव्या हाताला पुरेल अशा. मग जाऊन चपला फिरवून ठेवल्या.

"रोज," ती बापाकडं न बघता म्हणाली. "आये बागेत जायच्या आधी रोज शिवायचं. आन ती ट्यूब ओढायची. गलोल न्हाय."

"न्हाय," कुंडलिक म्हणाला.

उन्हं उतरायच्या आधी वली आला, सायकलच्या कॅरिअरला फाटक बांधून, तोंडात खिळे. दारातच थबकला. कुंडलिकची शिवलेली बाही बघितली, मांडीवरची पोर बघितली, आणि खिळे हातात काढून घेतले, म्हणजे बोलणं महत्त्वाचं होतं.

"या अल्ला. वैनी, दोन टाके तोंडाला बी मारायचे व्हते की! सगळ्या तालुक्यानं दुवा दिली असती."

साळुबाई पहिल्यांदा हसली. अश्विनी हसली. विनोद चांगला होता, आपल्याला सुचायला हवा होता, अशी असूया कुंडलिकला वाटली, आणि पोटातून हसू फुटलं. "दे टाळी!" तो ओरडला, आणि उजवा हात निघाला, सगळ्या आयुष्याच्या सवयीनं, वर आणि मागं. दोरा ताणला. सदरा पोटावरून वर आला. टाका तुटला नाही. शिवलेल्या कापडाच्या आत पंजा नुसता फडफडला, पोत्यात घातलेल्या कोंबड्यासारखा.

श्रेयानं ते फडफडणं बघितलं. वलीचा हात वर तसाच राहिला होता, त्याच्याकडं तिनं बघितलंही नाही. तिनं आपला पंजा उचलला, नेम धरला, आणि आजोबाच्या पोटावर, बाहीच्या त्या उंचवट्यावर, दणकन टाळी मारली.

कुंडलिक हसत राहिला. खांदा गदागदा हलत होता आणि जागेवर होता. हसण्यानं काही होत नाही, डॉक्टर म्हणालाच होता.